डिलीट केलेली ईएक्सई पुन्हा पुन्हा येते तेव्हा

पेनड्राइव्ह लावला, उघडला, तर आत एकच शॉर्टकट, आणि त्यालाही नाव पेनड्राइव्हचंच. टास्क मॅनेजरमध्ये कधी न पाहिलेली एक ईएक्सई, म्हणजे प्रोग्रामची फाइल, चालू आहे. एंड टास्क केलं, फाइल शोधून डिलीट केली, रिसायकल बिनही रिकामी केली. संगणक बंद करून पुन्हा चालू केला तर ती हजर. तीच जागा, तेच नाव. अँटिव्हायरस रोज सकाळी धोका दूर केल्याचं सांगतो, आणि रोज तोच धोका दूर करतो.

हा त्रास जास्त करून दिसतो तो झेरॉक्स आणि डीटीपीच्या दुकानांत, शाळांच्या संगणक कक्षांत, सेवा केंद्रांत, म्हणजे जिथे दिवसभर परके पेनड्राइव्ह लागतात तिथे. घरच्या लॅपटॉपवर तो बऱ्याचदा तिथूनच पोचतो. प्रिंट काढायला गेलेला पेनड्राइव्ह परत येतो, आणि सोबत हेही घेऊन येतो.

यावर मिळणारे बहुतेक सल्ले फाइल डिलीट कशी करायची एवढंच सांगतात. होत नसेल तर अमुक सॉफ्टवेअर टाका, तरीही होत नसेल तर फॉरमॅट मारा. खरं तर डिलीट करणं हे यातलं शेवटचं आणि सगळ्यात सोपं काम आहे. परत येणारी फाइल आपल्या पायांनी येत नाही. संगणक सुरू होताना, किंवा दर काही मिनिटांनी, कोणीतरी तिला उठवतं, आणि ती जागेवर नसेल तर नवी प्रत आणून ठेवतं. हरळी वरून कापावी तसं आपलं होतं. तेव्हा फाइल सापडली की लगेच हात चालवू नका. तिला उठवतंय कोण ते आधी शोधा.

पहिली पाच मिनिटं

नेटची केबल काढा, वायफाय बंद करा. त्या संगणकावरून बँक, यूपीआय, जीएसटी किंवा कुठल्याही सरकारी पोर्टलचं लॉगिन करू नका. 'बघू बरं हाही बिघडतो का' म्हणून दुसरा चांगला पेनड्राइव्ह लावू नका. तो नक्की बिघडतो. एक अँटिव्हायरस असताना त्याच्या उरावर दुसरा टाकू नका, दोघं एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि संगणक तेवढा रांगायला लागतो. एक वही घ्या आणि जे दिसेल ते लिहून ठेवा: फाइलचं नाव, पूर्ण पत्ता, तारीख, आकार. फोनवर फोटो काढले तरी चालतील.

फाइल खरंच संशयित आहे का

हा प्रश्न गाळून पुढे गेलेल्या लोकांनी विंडोजच्याच फाइली उडवून संगणक बंद पाडलेले आहेत. अनोळखी नाव म्हणजे व्हायरस, असं नाही. उलट, ओळखीचं नाव म्हणजे सज्जन, असंही नाही.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, डिटेल्स टॅबवर जा, वरच्या रकान्यांच्या पट्टीवर राइट क्लिक करून 'सिलेक्ट कॉलम्स' घ्या आणि 'इमेज पाथ नेम' व 'कमांड लाइन' हे दोन रकाने चालू करा. हे दोन रकाने विंडोज मुळात लपवून का ठेवतं ते मला आजवर कळलेलं नाही. निम्मं काम इथेच होतं.

आता पत्ता वाचा. सगळ्यात जास्त सोंग घेतलं जातं ते एसव्हीसीहोस्टचं, म्हणजे विंडोजच्या पडद्याआडच्या सर्व्हिसेस चालवणाऱ्या प्रोग्रामचं. खरा एसव्हीसीहोस्ट सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरातल्या सिस्टम३२ मध्ये असतो, किंवा ६४ बिट विंडोजवर त्याची ३२ बिट आवृत्ती सिसवॉव६४ मध्ये. त्याला सर्व्हिसेस डॉट ईएक्सई जन्म देते, आणि त्याच्या कमांड लाइनमध्ये उणे के अशी खूण व पुढे गटाचं नाव असतं. हाच एसव्हीसीहोस्ट ॲपडेटा (युजरच्या फोल्डरातली प्रोग्रामांची लपलेली जागा), टेम्प, प्रोग्रामडेटा, युजर्समधलं पब्लिक, किंवा थेट विंडोज फोल्डरच्या तोंडाशी पडलेला दिसला, की तो तोतया. संख्येवरून मात्र घाबरू नका. विंडोज १० च्या २०१७ सालच्या क्रिएटर्स अपडेटपासून, साडेतीन जीबीहून जास्त रॅम असलेल्या संगणकात बहुतेक सर्व्हिसेसना स्वतंत्र एसव्हीसीहोस्ट मिळतो, त्यामुळे यादीत ते डझनांनी दिसणं स्वाभाविक आहे. त्यांपैकी काही तुमच्या स्वतःच्या युजर नावाखाली चालताना दिसले तरी तेवढ्यानं तो पुरावा होत नाही; विंडोज १० पासून तशाही सर्व्हिसेस असतात.

दुसरी युक्ती स्पेलिंगची. व्ही आणि सी यांची अदलाबदल करून बनवलेलं 'एससीव्हीहोस्ट' हे जुनं नाव. ज्यांनी सायबर कॅफेच्या दिवसांत 'न्यू फोल्डर डॉट ईएक्सई' भोगली आहे त्यांना ते आठवेल: फोल्डरचं चिन्ह घेऊन बसलेली ईएक्सई, आणि टास्क मॅनेजर, रजिस्ट्री एडिटर, फोल्डर ऑप्शन्स हे तिन्ही गायब. एलएसएएसएस या विंडोजचं लॉगिन सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या नावात पहिल्या लहान एलच्या जागी मोठा आय टाकला तर बऱ्याच फाँटांत डोळ्यांना फरकच दिसत नाही. संशय आला तर नाव कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका आणि फाँट कुरिअर न्यू करा. सोंग लगेच उघडं पडतं.

तिसरी गोष्ट सही. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'डिजिटल सिग्नेचर्स' टॅब. मोठ्या कंपनीचं नाव सांगणारी फाइल आणि सहीचा टॅबच नाही, तर शंका घ्या. इथेही एक मेख आहे: सिस्टम३२ मधल्या बऱ्याच अस्सल फाइलींना हा टॅब नसतो, कारण त्यांच्या सह्या वेगळ्या कॅटलॉग फाइलींत ठेवलेल्या असतात. म्हणून फक्त टॅब नाही एवढ्यावर निकाल देऊ नका. त्यापेक्षा प्रोसेस एक्सप्लोरर वापरा. तो मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातला फुकट प्रोग्राम आहे, इन्स्टॉल करावा लागत नाही, आणि त्यात 'व्हेरिफाय इमेज सिग्नेचर्स' चालू केलं की कॅटलॉगमधल्या सह्याही तपासल्या जातात. शिवाय कोणत्या प्रोसेसनं कोणाला जन्म दिला ते झाडासारखं मांडलेलं दिसतं. हा संच मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांनी १९९६ मध्ये सुरू केला, २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं विकत घेतला, आणि आजही या कामासाठी त्याच्या तोडीचं काही नाही.

ॲपडेटामध्ये आहे म्हणून प्रत्येक फाइल वाईट ठरवू नका. झूम, डिस्कॉर्ड असे कितीतरी सरळ प्रोग्राम तिथेच राहतात, पण ते आपल्या नावाचं फोल्डर करून, सहीसकट राहतात. ॲपडेटातल्या रोमिंग फोल्डरच्या उघड्या माळावर, काहीतरी खरडल्यासारख्या नावानं, सहीशिवाय आणि कालच्याच तारखेनं पडलेली ईएक्सई ही वेगळी गोष्ट.

आणि याच्या उलट एक प्रकार, जो सगळ्यात जास्त चकवतो. फाइल अस्सल, सही मायक्रोसॉफ्टची, पत्ता सिस्टम३२, आणि तरी उद्योग वाईट. डब्ल्यूस्क्रिप्ट, रनडीएलएल३२, पॉवरशेल, एमएसएचटीए ही विंडोजची स्वतःची हत्यारं आहेत. ती चोराच्या हातात गेलेली असतात. इथे ईएक्सई उडवायची नसते, कमांड लाइन वाचायची असते. डब्ल्यूस्क्रिप्टच्या पुढे ॲपडेटातल्या एखाद्या डॉट व्हीबीएस, म्हणजे स्क्रिप्टच्या, फाइलचा पत्ता दिसला, की गुन्हेगार ती व्हीबीएस.

हॅश काढून विचारणं

पॉवरशेल उघडा, गेट-फाइलहॅश असं लिहून एक जागा सोडा आणि फाइल ओढून त्याच खिडकीत टाका. पत्ता आपोआप उमटतो. एंटर दाबल्यावर ६४ अक्षरांची एक माळ मिळते. ही त्या फाइलची हॅश, म्हणजे तिच्या बोटांचा ठसाच. दुसऱ्या, चांगल्या संगणकावरून ती व्हायरसटोटलच्या शोधपट्टीत टाका. व्हायरसटोटल २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झालं, २०१२ मध्ये गुगलनं घेतलं. तिथे एकाच फाइलवर अनेक अँटिव्हायरसांचं मत एकत्र मिळतं. फाइल चढवण्याऐवजी हॅश शोधण्याचा आग्रह अशासाठी की तिथे चढवलेल्या फाइली पैसे भरणाऱ्या सदस्यांना उतरवता येतात. ईएक्सई चढवली तर फारसं बिघडत नाही, पण गिऱ्हाइकाच्या आधार कार्डाची पीडीएफ 'तपासायला' चढवणारे लोक आहेत, आणि ते थांबायला हवं.

निकाल वाचायलाही थोडा विवेक लागतो. सत्तरपैकी पन्नासांनी लाल दिवा दाखवला तर प्रश्नच मिटला. एखाद-दुसऱ्याच अनोळखी इंजिननं 'जेनेरिक' असं मोघम नाव दिलं असेल, आणि फाइल तुमच्या गावच्या कोणीतरी बनवलेल्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरची असेल, तर ती बहुधा निरपराध आहे; सही नसलेल्या छोट्या सॉफ्टवेअरच्या वाट्याला हे नेहमी येतं. पण शून्य लाल दिवे म्हणजे निर्दोष सुटका असंही नाही. काल रात्री बनवलेली फाइल आज सकाळी कोणालाच माहीत नसते. आणि क्रॅक किंवा ॲक्टिव्हेटर? 'आधी अँटिव्हायरस बंद करा' ही ज्याची पहिली सूचना असते, त्याच्याबद्दल मी काय वेगळं सांगणार.

पेनड्राइव्हवाला शॉर्टकट: एक नेहमीची केस

शॉर्टकटचं हे खूळ का निघालं त्याला कारण आहे. पूर्वी पेनड्राइव्हवर ऑटोरन डॉट आयएनएफ टाकली की ड्राइव्ह लावताच किंवा उघडताच प्रोग्राम चालायचा. २००८ च्या शेवटी आलेल्या कॉनफिकर या व्हायरसनं या वाटेचाही पुरेपूर फायदा घेतला. मग विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हपुरतं ऑटोरन बंद झालं आणि फेब्रुवारी २०११ च्या अपडेटनं एक्सपी व व्हिस्टावरही बंद झालं. आपोआप चालण्याची सोय गेली, तेव्हा माणसाकडूनच डबल क्लिक करवून घ्यायचं ठरलं. गामारू किंवा अँड्रोमेडा नावाच्या, लागण झालेल्या संगणकांच्या जाळ्यानं हीच पद्धत वापरली. नोव्हेंबर २०१७ मध्ये युरोपोल, एफबीआय आणि मायक्रोसॉफ्ट वगैरेंनी मिळून ते जाळं उखडलं. पद्धत मात्र शिल्लक राहिली.

आपल्याकडे वारंवार दिसणारा नमुना असा. पेनड्राइव्हवर फक्त शॉर्टकट दिसतो. फाइल एक्सप्लोररच्या फोल्डर ऑप्शन्समध्ये लपलेल्या फाइली दाखवा, 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टम फाइल्स'ची खूण काढा, आणि 'हाइड एक्स्टेन्शन्स'चीही काढा. यातली मधली खूण लोक विसरतात, आणि तीच महत्त्वाची आहे. आता दोन फोल्डर दिसतात. एकाचं नाव 'विंडोज सर्व्हिसेस', सलग लिहिलेलं, आणि त्यात काही व्हीबीएस स्क्रिप्ट व त्याच नावाची ईएक्सई. दुसऱ्याचं नाव फक्त एक अधोरेघ, आणि त्यात तुमचा सगळा डेटा सुखरूप. शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये 'टार्गेट' वाचलं की तो आधी स्क्रिप्ट चालवतो हे दिसतं. सोबत तो तुमचं लपवलेलं फोल्डरही उघडून दाखवतो. वापरणाऱ्याला वाटतं, थोडं विचित्र दिसतंय पण फाइली तर आहेत. म्हणून महिनोन्महिने कोणी तक्रारच करत नाही.

संगणकावर याच फोल्डरची प्रत ॲपडेटाच्या रोमिंगमध्ये जाऊन बसते, आणि स्टार्टअप फोल्डरात 'हेल्पर' नावाचा शॉर्टकट पडतो. स्क्रिप्ट डब्ल्यूस्क्रिप्टच्या अंगात शिरून फेऱ्या मारत राहते आणि नवा ड्राइव्ह लागला की त्याच्यावर तोच प्रयोग करते. तुम्ही टास्क मॅनेजरमधून ईएक्सई मारता, पण डब्ल्यूस्क्रिप्ट जिवंत असतो. मग ती परत येणारच.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी डब्ल्यूस्क्रिप्टच्या सगळ्या प्रोसेस बंद करा, मग ईएक्सई, मग स्टार्टअपमधला शॉर्टकट काढा. विंडोजची खूण असलेली कळ आणि आर दाबून शेल, कोलन, स्टार्टअप असं सलग लिहिलं की तो फोल्डर उघडतो. सगळ्यात शेवटी रोमिंगमधलं फोल्डर. मध्येच रीस्टार्ट करायचा नाही, आणि पेनड्राइव्ह अजून लावायचा नाही.

दोन प्रोसेस एकमेकींवर पहारा करत असतील, एक मारली की दुसरी तिला उठवते, तर प्रोसेस एक्सप्लोररमध्ये दोन्हींवर राइट क्लिक करून आधी 'सस्पेंड' करा. थिजलेली प्रोसेस मेलेली नसते, त्यामुळे जोडीदारीण काही हालचाल करत नाही. दोन्ही थिजल्या की मग एकेक मारा. अँटिव्हायरसनं हात टेकलेल्या कितीतरी ठिकाणी एवढ्यानंच काम झालेलं आहे.

इतर ठिकाणं जिथून ती उठवली जाते

स्टार्टअप फोल्डर हे सगळ्यात भोळं ठिकाण. त्याच्या पुढची ठिकाणं एकेक करून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात, धुंडाळण्यापेक्षा सिसइंटर्नल्सचाच ऑटोरन्स घ्या आणि 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून चालवा. ऑप्शन्समध्ये 'हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज' आणि सह्या तपासण्याची खूण करा. शेकड्यानं असलेली यादी आटोक्यात येते. गुलाबी ओळ म्हणजे सही नाही किंवा पटत नाही. पिवळी म्हणजे नोंद आहे पण तिनं दाखवलेली फाइल जागेवर नाही. अँटिव्हायरसनं फाइल उडवली पण बोलावणारी नोंद तशीच ठेवली, तर ती अशी पिवळी दिसते, आणि सुरू होताना 'अमुक स्क्रिप्ट फाइल सापडत नाही' हा चौकोन येतो. पुष्कळ लोक त्या चौकोनाला व्हायरस समजतात. तो नुसता मागे राहिलेला निरोप असतो. पिवळी नोंद काढली की जातो.

रजिस्ट्रीतल्या रन आणि रनवन्स या जागा, विनलॉगॉनमधल्या शेल आणि युजरइनिट या नोंदी, सर्व्हिसेस, हे सगळं ऑटोरन्स दाखवतो. पण 'दर अर्ध्या तासानं परत येते' अशी तक्रार असेल तर सरळ शेड्युल्ड टास्क्सच्या टॅबवर जा. तिथे गुगल किंवा ॲडोबी अपडेटसारखं सभ्य नाव घेतलेलं एखादं काम असतं, आणि त्याचा पत्ता मात्र ॲपडेटातल्या कुठल्यातरी फाइलकडे जातो. नाव वाचू नका, पत्ता वाचा. डब्ल्यूएमआयचा, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत व्यवस्थापनाच्या यंत्रणेचा, टॅबही एकदा बघा. साध्या घरगुती संगणकावर, मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवल्यावर, तो बहुधा रिकामाच असतो, त्यामुळे तिथे काही दिसलं तर चौकशी करायलाच हवी. इमेज हायजॅक्सच्या, म्हणजे एक प्रोग्राम उघडायला गेलं की दुसराच चालवणाऱ्या नोंदींच्या, टॅबमध्ये टास्क मॅनेजर किंवा अँटिव्हायरसचं नाव दिसलं तर ते उघडत का नव्हते त्याचा उलगडा होतो.

एक सवय लावून घ्या: नोंद आधी डिलीट करू नका, खूण काढा. ऑटोरन्स तिला बाजूला ठेवतो आणि चूक निघाली तर परत लावता येते. खूण काढल्या काढल्या ती पुन्हा उमटली, तर समजा की पहारेकरी अजून चालू आहे. मागे जा आणि आधी त्याला थिजवा.

आता डिलीट

बोलावणारा गेला की फाइल बहुधा निमूटपणे जाते. मी ती लगेच उडवत नाही. नाव बदलून, एक्स्टेन्शन काढून, वेगळ्या फोल्डरात ठेवतो आणि काही दिवस सगळं सुरळीत चाललं की टाकतो. 'फाइल वापरात आहे' असं म्हणत अडून बसली तर शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट करा आणि ट्रबलशूटच्या वाटेनं सेफ मोडमध्ये जा.

त्यानंतर विंडोज सिक्युरिटीत 'एक्सक्लुजन्स' नक्की बघा. हल्लीच्या बऱ्याच व्हायरसांची पहिली चाल असते ती स्वतःचं फोल्डर, किंवा अख्खा सी ड्राइव्ह, डिफेंडरच्या तपासणीतून वगळण्याची. मग डिफेंडर रोज प्रामाणिकपणे 'काही सापडलं नाही' सांगतो. तुम्ही न टाकलेली प्रत्येक सूट काढा आणि 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' लावा. संगणक स्वतः रीस्टार्ट होतो, विंडोज नीट सुरू होण्याआधीच तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटं लागतात. दुसरं मत हवं असेल तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झालेल्या या सरकारी केंद्रातर्फे सफाईची साधनं फुकट मिळतात.

पेनड्राइव्हमधला डेटा

फॉरमॅट आधी मारू नका. लग्नाचे फोटो 'गेले' म्हणून लोक रडकुंडीला येतात आणि फोटो त्याच पेनड्राइव्हवर लपून बसलेले असतात. संगणक साफ झाल्यावरच पेनड्राइव्ह लावा, शॉर्टकटला हात लावू नका, आणि अधोरेघेच्या फोल्डरातून डेटा संगणकावर घ्या. फाइली नुसत्याच लपवलेल्या असतील तर कमांड प्रॉम्प्ट उघडा. फोनवर सांगतो तसंच इथे सांगतो: ॲट्रिब, जागा, उणे एच, जागा, उणे आर, जागा, उणे एस, जागा, पेनड्राइव्हचं अक्षर, कोलन, उलटी तिरपी रेघ, तारा टिंब तारा, जागा, साधी तिरपी रेघ एस, जागा, साधी तिरपी रेघ डी, एंटर. काही क्षणांत सगळं दिसू लागतं. घेताना फक्त फोटो, पीडीएफ, वर्ड, कोरलच्या फाइली घ्या; ईएक्सई, व्हीबीएस, एलएनके (शॉर्टकट) यांतली एकही नाही. मग फॉरमॅट. घरातले, दुकानातले सगळे पेनड्राइव्ह, फोटोग्राफरकडून आलेलं कार्ड, ड्रॉवरमध्ये पडलेली जुनी हार्डडिस्क, सगळं याच चाळणीतून काढा. एक राहिलं तरी आठवड्याभरात पुन्हा तेच सुरू.

गेला की नाही याची खात्री करायची रीत सोपी आहे. फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह, त्यात एकच नोटपॅडची फाइल. लावा, दहा मिनिटं तसाच ठेवा, काढून पुन्हा लावा. संगणक रीस्टार्ट करून परत एकदा. फाइल जागेवर आणि शॉर्टकट नाही, तर झालं. अँटिव्हायरसच्या हिरव्या खुणेपेक्षा मी या पेनड्राइव्हवर जास्त विश्वास ठेवतो.

कधी थांबायचं

काही वेळा वरचं सगळं व्यर्थ असतं. प्रत्येक प्रोग्रामच्या शेजारी त्याच नावापुढे एसआरव्ही जोडलेली नवी ईएक्सई जन्मत असेल, आणि प्रोग्राम फाइल्समध्ये 'डेस्कटॉपलेअर' दिसत असेल, तर तो रॅमनिट. सेफ मोडच सुरू होत नसेल आणि सगळ्या ईएक्सई एकामागून एक आजारी ठरत असतील, तर सॅलिटीचा संशय घ्या. तो सेफ मोडच्या रजिस्ट्रीतल्या नोंदीच पुसतो. हे दोघं वेगळी फाइल टाकून थांबत नाहीत, तुमच्या चांगल्या ईएक्सईंमध्येच शिरतात, आणि रॅमनिट तर एचटीएमएलमध्येही. साफ करता करता अर्धे प्रोग्राम मोडतात. डेटा वेगळ्या संगणकावर लिनक्सवरून उतरवून घ्या, जुने सेटअप फेकून द्या कारण त्यांतही तो असतो, आणि विंडोज कोरं टाका. तासन्‌तास झुंजण्यात अर्थ नाही.

फाइलींचं एक्स्टेन्शनच बदललं असेल आणि खंडणीची चिठ्ठी पडली असेल, तर काहीच डिलीट करू नका, चिठ्ठीसुद्धा नाही. 'नो मोअर रॅन्सम' या २०१६ पासून चाललेल्या उपक्रमाच्या साइटवर चिठ्ठी आणि एक बिघडलेली फाइल दाखवली की फुकट किल्ली उपलब्ध आहे का ते कळतं.

आणि संशयित फाइल क्रॅकमधून किंवा व्हॉट्सॲप वेबवर आलेल्या 'इन्व्हॉइस'मधून आली असेल, तर ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड गेले असं धरून चाला. ते दुसऱ्या उपकरणावरून बदला, ईमेलचा सगळ्यात आधी, आणि सगळीकडून 'लॉग आउट' करा. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, चोरलेल्या कुकीवर, म्हणजे ब्राउझरमधल्या लॉगिनच्या खुणेवर, चोर आत राहू शकतो. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन. तिथे मिनिटांना किंमत आहे.

दुकानदारांसाठी

परका पेनड्राइव्ह घेणार नाही असं झेरॉक्सवाला म्हणू शकत नाही. आणि डीटीपीवाल्याकडे तर श्रीलिपी आणि २००१ सालच्या पेजमेकर ७ पायी जपून ठेवलेला विंडोज ७ चा संगणक असतो. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपला, विंडोज १० चाही ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. 'नवा घ्या' हे सांगणं सोपं आहे. पण हजारो जुन्या फाइली, सॉफ्टवेअर चालायला लावावं लागणारं डाँगल आणि हाताला बसलेला कीबोर्ड यांचं काय करायचं ते सांगणारा कोणी नसतो.

त्यातल्या त्यात चालणारा मार्ग म्हणजे काउंटरवर एक जुना संगणक लिनक्स टाकून ठेवणं. परके पेनड्राइव्ह फक्त त्यालाच लागतील. शॉर्टकट आणि व्हीबीएस तिथे नुसत्या मेलेल्या फाइली असतात, आणि लपवलेलं फोल्डरही साधं उघडं दिसतं. हवी ती पीडीएफ, जेपीजी किंवा सीडीआर तिथून दुकानाच्या स्वतःच्या पेनड्राइव्हवर घेऊन पुढे द्यायची. पेजमेकरच्या संगणकाला नेट अजिबात द्यायचं नाही. ज्यांना दुसरा संगणक परवडत नाही त्यांनी निदान विंडोज स्क्रिप्ट होस्ट बंद करावा: रजिस्ट्रीत एचकेएलएममधल्या सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज स्क्रिप्ट होस्ट, सेटिंग्ज या जागी 'एनेबल्ड' नावाची डीवर्ड किंमत शून्य करायची, नसेल तर नवी बनवायची. व्हीबीएस फाइली मग उघडतच नाहीत. विंडोज आणि ऑफिसच्या ॲक्टिव्हेशनच्या काही स्क्रिप्ट व्हीबीएसमध्येच असतात, त्या वेळेपुरतं ते परत एक करावं लागेल. काम झालं की पुन्हा शून्य.